डाव्या हाताची काच

'उजव्या हातानं पूस' असं कुणी म्हटलं, की अंजनाच्या कपाळावर आठी चढायची. ती पलूसची, डावखुरी आणि हट्टी. यातलं काहीच तिनं कधी लपवलं नाही. आई चंद्राबाईसुद्धा डावखुरीच. डाव्या हातानं सारवणं अशुभ म्हणून सासू तिला जन्मभर टोचून बोलली, आणि तिनं जन्मभर डाव्याच हातानं सारवलं. आई गेली, पण तिच्या हाताचं वळण लेकीत राहिलं.

शहात्तर साली अंजना सांगलीच्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या टेबलावर एका बाटलीत गढूळ, पिवळसर द्रवस्फटिक असायचा. वाहायचा पाण्यासारखा, पण त्यातले लांबुडके रेणू रांगेनं राहायला बघायचे. रांग कुठल्या दिशेची, हे काच ठरवायची. काच कापडानं घासली की ज्या दिशेनं घासली त्या दिशेनं रेणू तिच्यावर पडून राहायचे. वर दुसरी काच ठेवायची आणि मध्ये अभ्रकाचा पापुद्रा घालून फट अगदी बारीक राखायची. फट रुंद झाली की मधले रेणू काचेला जुमानत नसत.

बाकीच्या पोरांच्या काचा दोन पोलरॉइडच्या, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या चकत्यांच्या, मध्ये धरल्या की एकसारख्या उजळायच्या. अंजनाच्या काचेत मात्र वाकडेतिकडे काळे पट्टे दिसायचे. विभागप्रमुख लालासाहेब सर म्हणायचे, "मळकट आहे. धू." ती धुवायची, पुन्हा घासायची, आणि पट्टे पुन्हा हजर. बिचारी अगदी रडकुंडीला आली.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी सोपा, म्हणजे पुढची ओसरी, सारवायला बसली आणि मध्येच तिचा हात थांबला. ओल्या भुईवर एकाशेजारी एक कमानी उमटल्या होत्या. काचही ती अशीच घासत होती की! आपण सरळ घासतोय असं तिला वाटत राहिलं, आणि हात मात्र सवयीनं वळत होता. त्याच्यामागं रेणूही वळत होते. शेणानं माखलेला हात तसाच धरून ती मोठ्यानं हसली.

सांगलीला परतल्यावर तिनं हे सरांना सांगितलं. सर हसले नाहीत.

"सारवण घरी. इथं उजव्या हातानं सरळ घासलेलीच काच दाखवायची, नाहीतर टेबल सोडायचं."

टेबल सुटलं असतं तर पदवीही गेली असती, आणि पुढचं तिला पाठ होतं. वडील सयाजी, पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार, विट्याचं स्थळ धरून बसले होते. तिचं शिक्षण रखडलं तर लग्न उरकायचं, असं त्यांनी बजावलं होतं. प्रयोग दाखवायच्या दिवशी ते स्वतः येऊन मागच्या बाकावर बसले.

अंजनानं आधी सरळ काच दाखवली. सर खूश झाले. मग तिनं रुमालातून दुसरी काढली.

"अंजना, ठेव ती."

"न्हाई ठेवत, सर!" रागाच्या भरात गावाकडची बोली तोंडात आली, आणि तिनं ती आवरली नाही. "फट बारीक ठिवली की काचंवर हात जसा फिरंल तसंच हे वळतंय. सरळ घासा, सरळ ऱ्हाईल. कमान काढा, कमान धरंल. ह्यो मळ न्हाई. मला घावलंय ते हेच हाय."

दिव्यापुढं दोन पोलरॉइडच्या मध्ये काच धरताच भिंतीवर मोठाल्या कमानी उमटल्या. तिनं दोन्ही पोलरॉइड एकदम फिरवले, तसा काळा पट्टा कमानीवरून सरकत गेला. सगळ्या कमानी एकाच अंगाला कललेल्या होत्या.

मागं सयाजी उठून उभे राहिले.

"ह्यो तर हिच्या आईचा हात हाय. आमच्या सोप्यात असाच उमटायचा."

अंजना वडिलांकडं वळली.

"आबा, विट्याला निरोप धाडा. मला सवड न्हाई."

सयाजींनी मान हलवली आणि ते खाली बसले. "धाडतो. चालू दे तुजं."

सरांचा चेहरा लालबुंद झाला होता. "आधी ती काच धुऊन टाक. प्रयोगवहीवरच्या सहीचं मग बघू."

अंजनानं काच जपून रुमालात गुंडाळून ठेवली. मग एक कोरी काच पुढ्यात ओढली आणि सरांच्या डोळ्यांदेखत कापड डाव्या हातात घेतलं.