हलका हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला माझं सगळं ठाऊक आहे, लग्नाआधीचंसुद्धा, पण हे नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही नामदेवला ओळखत नाही. ओळखत असता, तर तोंड उघडलं असतं का मी? शंकाच आहे.

नामदेव कुरुळीचा. घरची शेती — कांदा, टोमॅटो. मी मराठवाड्यातून पोटासाठी पिंपरीला आलेला, कंपनीत वेल्डर, कासारवाडीत भाड्याच्या खोलीत राहणारा. एकदा त्याच्या नांगराचा मोडलेला फाळ जोडून दिला आणि दोस्ती झाली ती झालीच. कंपनीची सुट्टी गुरुवारी. गुरुवारी मी कुरुळीत. त्याच्या बायकोच्या, सुशीलावहिनींच्या हातची भाकरी, ठेचा, आणि नामदेवच्या गप्पा. शेती भावावर सोडून त्याने काही वर्षं नाशिकपर्यंत ट्रक चालवला होता. त्याला दुसऱ्या कशाचाही गर्व नव्हता, पण गाडी चालवण्याचा होता. आणि तो खरा होता — हे लक्षात ठेवा. खरा होता.

त्याने लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप आणली. दणकट गाडी, पण पाट्यांवर बसवलेली — लोखंडाच्या पट्ट्यांची ती कमान असते ना, तिच्यावर. रानातून सडकेपर्यंत यायचं तर बांध, ओढा, दगड. टोमॅटो भरून निघावं आणि मंडईत चटणी घेऊन पोचावं, असा प्रकार. नामदेवचे वडील एकदा बसले आणि उतरताना म्हणाले, “म्या चालतच येतो. हाडं मोजून हाईत माझी.”

मग मी बोललो. का बोललो? कुणी विचारलंसुद्धा नव्हतं!

आमच्या कंपनीत एक परदेशी गाडी तपासणीला आली होती. तिला पाटे नव्हते. गोल गुंडाळीच्या स्प्रिंगा, आणि चाकांच्या अ‍ॅक्सलला धरून ठेवायला लांब दांड्या. ती खड्ड्यातून अशी जायची की जणू लोण्यातून सुरी. मी नामदेवला म्हणालो, तुझ्या जीपला तसंच करून देतो. “मी गाडीखाली झोपून सगळं बघितलंय,” असंही म्हणालो. झोपून? मी ती गाडी दहा हातांवरून, एका बाजूने पाहिली होती. हातात चहाचा ग्लास होता.

पण काम मन लावून केलं, हं. भोसरीतल्या एका ओळखीच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी पाटे उतरवले, भंगारातून स्प्रिंगा शोधल्या, मी दांड्या केल्या, वेल्डिंग असं केलं की आजही हात लावून बघा. नामदेव दिवे लागेपर्यंत पाने-पकडी हातात देत होता आणि हसत होता. तसे आनंदाचे दिवस माझ्या वाट्याला फार आले नाहीत.

गाव जमलं. नारळ फुटला. नामदेवने जीप बांधावरून घातली आणि ती नावेसारखी पलीकडे उतरली! म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तो सडकेला लागला, जरा वेग घेतला, वळण आलं आणि जीपचं अंग एकीकडे झुकलं, चाकं दुसरीकडे सरकली. थेट शेजाऱ्याच्या कांद्याच्या ढिगात! कुणाला काही झालं नाही. नामदेव कांद्यांतून बाहेर आला, डोळ्यांतून पाणी, आणि सगळे हसत होते. मग हसता हसता सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मी म्हणालो, “नामा, गाडीत दोष नाही. तुझा हात ट्रकचा आहे, जड. या गाडीला हलका हात लागतो.”

झालं. एवढंच. आणि मला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती — अजूनही येत नाही.

त्याने वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. तीन-चार आठवडे तो हात हलका करत राहिला. दोन बोटांनी स्टिअरिंग धरायचा. जीप डुलायचीच. एका गुरुवारी गेलो तर किल्ली खुंटीला टांगलेली. “न्हाई जमत राव,” तो म्हणाला, “तू म्हनलास ते बराबर हाय.” आणि मोटर चालू करायला विहिरीकडे निघून गेला.

मधल्या काळात ती परदेशी गाडी पुन्हा कंपनीत आली होती. या वेळी मी खरोखर खाली झोपलो. आणि दिसली — एक आडवी दांडी, गाडीच्या सांगाड्याच्या या बाजूपासून अ‍ॅक्सलच्या त्या टोकापर्यंत. बाजूने बघणाऱ्याला ती दिसतच नाही. पाटे वजनही पेलतात आणि अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकूही देत नाहीत. ते काढले की ते दुसरं काम या आडव्या दांडीने करायचं. मी ती लावलीच नव्हती.

तशा दोन दांड्या, पुढची नि मागची, नट-बोल्टावर बसतील अशा तयार करून मी त्या गुरुवारी पिशवीतून आणल्याच होत्या. नामदेव विहिरीवर असताना बसवून टाकल्या. त्याने विचारलंच तर मजबुतीसाठी म्हणणार होतो. तो आला, त्याने पाहिलंसुद्धा नाही. आणि त्याच वेळी वहिनी किल्ली घेऊन बाहेर आल्या. “माझा हात हलका हाय,” म्हणाल्या, “मला शिकवा.”

नामदेव शेजारी बसून शिकवू लागला. पहिल्या दिवशी जीप तीनदा बंद पडली, पण सरळ गेली. महिनाभरात वळणावरही सरळ. गाव थक्क! वहिनींनी पुण्याला जाऊन लायसन्स काढलं. टोमॅटो अख्खे पिंपरीच्या मंडईत पोचू लागले, आणि साडी खोचून जीप हाकणारी बाई बघायला लोक सडकेवर थांबू लागले. सगळ्यांत मोठ्याने कौतुक कोण करायचं? नामदेव. “आमच्या हिचा हात बघा!” मीही मान डोलवायचो. हो, डोलवायचो.

मग एक दुपार. पहिली शिफ्ट संपवून मी बसने कुरुळीला निघालो होतो. मोशीजवळ समोरून नामदेवची बैलगाडी आली. बस थांबवून उतरलो. गाडीत वहिनी, तापाने फणफणलेल्या, दोन गोधड्यांत. इस्पितळात चालले होते. जीप दारात उभी, टाकी भरलेली, आणि तो ट्रक चालवलेला माणूस बैल हाकत होता.

वहिनी हसल्या. “भावजी, डायवरच आजारी पडलाय बघा.”

नामदेव म्हणाला, “हिला घिऊन म्या ती जीप चालवू? माझ्या हातानं? न्हाई बाबा.”

आता बोलायचं होतं ना? दोन वाक्यं. गाडी मी बिघडवली होती, मीच नीट केली, तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, “अशा वेळी बैलच बरे.” आणि गाडीत चढून वहिनींच्या डोक्यावर सावलीला टॉवेल धरून बसलो.

त्या बऱ्या झाल्या, आठवड्यात पुन्हा मंडईत. पण नामदेव पुन्हा स्टिअरिंगला बसला नाही.

जीप अजून आहे. कधी कधी आम्ही तिघं चाकणला जातो — वहिनी चालवतात, गाणं गुणगुणतात, नामदेव डाव्या बाजूला, मी मागे. वळण आलं की त्याचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला जातो. जिथे ब्रेक नाही तिथे. वहिनींच्या पायाच्या जरासा आधी, दरवेळी बरोबर.

मला मागून दिसतो तो पाय.