अकराव्या दिवशी भरलेले एकवीस दिवस

आमच्या घरात कोंबडीची पिल्लं जन्माला आली ती माझ्या हुशारीमुळे नव्हे, माझी हुशारी असूनही.

वहिनीने पिल्लं विकायचं मनावर घेतलं आणि वाडीत घरोघर फिरून बारा गावठी अंडी जमवली. मी म्हटलं, "कोंबडी कशाला? मी उबवायची पेटी करतो!" पेटीत बल्ब, आणि ऊब व पिल्लं फुटायचे एकवीस दिवस सांभाळायला मायक्रोकंट्रोलर. या चिपचं आतलं घड्याळ जरा ढिलं असतं, म्हणून कुडाळहून क्रिस्टल आणून बाहेरून जोडलं. चिंचोक्याएवढी चकचकीत डबी. तिच्या ठोक्यांवर चिप सेकंद मोजते.

अकराव्या दिवशी पेटी केकाटली. पडद्यावर आकडा होता एकवीस!

"भावोजी, आज अकरावोच दिवस मा?"

"वहिनी, यंत्राची मोजणी चुकत नाही. तुमचाच एखादा दिवस चुकला असेल." (शहाणपण शिकवताना मी मालवणी सोडून पुस्तकी बोलतो, ही घरातली जुनी तक्रार.)

"एखादो? धा दिवस चुकले?"

तिने कॅलेंडर माझ्या नाकासमोर धरलं. रोजची एक फुली. अकरा फुल्या.

मी चष्मा लावून क्रिस्टल पाहिलं. (जोडताना लावला असता तर!) प्रोग्रॅम आठ मेगाहर्ट्‌झचा, डबी सोळाची. माझे दिवस दुप्पट वेगाने धावत होते! नशीब, ऊब तेवढी बरोबर होती.

"आत्ता बदलतो!" म्हणालो आणि घाईत जुन्या क्रिस्टलचा तारेचा पाय मोडला. मग घरात पडलेल्या आठच्या नव्याचाही! बाहेरच्या ठोक्याशिवाय चालायचं नाही, असं मीच चिपला बजावलेलं. ती गप्प झाली. बल्ब विझला. (तो थेट वायरीला जोडावा, हे काही मला सुचलं नाही.)

वहिनीचे डोळे भरले. "माज्या शब्दार लोकांनी अंडी दिल्यानी हो..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती रडत बसली नाही. अंडी टॉवेलात गुंडाळून शेजारच्या काकूंकडे धावली, मागोमाग मी. त्यांची एक कोंबडी रिकाम्याच टोपलीत खुडूक होऊन, उबवायच्या तयारीत बसली होती. मी अंडी पोटाखाली सरकवताच तिने पंख पसरले, आणि माझ्या बोटाला कडकडून चोच मारली. मारायलाच हवी होती!

दहा दिवसांनी नऊ पिल्लं बाहेर आली. वहिनीने एक माझ्या तळहातावर ठेवलं. रागावली मात्र कधीच नाही.

फक्त, "दहा मिनिटांत जेवायला येतो," म्हटलं, की विचारते, "भावोजी, तुमची धा मिनटा, की लोकांची?"