रंगवलेली शाळा

जठारपेठेतल्या आमच्या घराला रंग लागतोय. त्या वासाने पातूरजवळची कर्णबधिर मुलांची निवासी शाळा आठवली. मी तिथे हिशेब पाहायचो. छत गळायचं, आणि अनुदान देणाऱ्या संस्थेचे साहेब पाहणीला येणार होते. आम्ही घाईने रंग देऊन ओलीचे डाग झाकले.

"पाहुण्यायले गळकं घर दाखवतेत काय, भाऊ?" मुख्याध्यापिका वानखडे मॅडम हसल्या. मलाही ते पटलं.

साहेब चहा पिऊन म्हणाले, "छान आहे की शाळा! अनुदान आधी गरजूंना देऊ."

"छत गळते, साहेब!" मॅडम घाईने म्हणाल्या.

साहेबांनी वर पाहिलं. भर उन्हाळा होता आणि डागांवर आमचाच रंग.

पावसाळ्यात वर्ग बंद पडले. मुलं आपापल्या घरी गेली. तिथे त्यांच्या हातांची भाषा कोणालाच येत नव्हती.