मैलाला सहा आणे

पिंपरीला कारखाने उभे राहू लागले तेव्हा मी त्यांच्या कँटीनना कांदा-बटाटा पुरवायचं काम धरलं. खरेदी चाकणच्या बाजारात. पहिल्या एसटीने तिथे पोचेपर्यंत चांगला माल उचललेला असायचा, म्हणून गाडी हवी होती. खडकीचा एक गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला होता. त्याची युद्धाच्या आधीची अमेरिकन गाडी मला बावीसशे रुपयांत मिळाली. एवढी स्वस्त, कारण गॅलनला चौदा मैलसुद्धा ती कुरकुरत द्यायची. चिंचवडात कुणी म्हणालं, हत्ती घेतलाय. मी कागद घेऊन बसलो. पेट्रोल, ऑइल, टायरची झीज, कर, विमा. सगळं मिळून मैलाला सहा आणे. मालाच्या भावात एवढे निघत होते.

चाकणचा माझा अडत्या, म्हणजे ज्याच्या मार्फत मी कांदा घ्यायचो तो, माझ्याच वयाचा होता. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि हात धरून मला घरामागे नेलं. तिथे पत्र्याखाली हुबेहूब तशीच गाडी उभी होती. वडिलांनी नवी कोरी घेतलेली. ते गेले त्याच वर्षी तिच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला. बाकी सगळं धडधाकट होतं. पुण्याच्या एका व्यापाऱ्याने बाहेरून इंजिन मागवून देतो म्हटलं होतं, त्याची तो वाट बघत होता. वडिलांच्या गाडीतून एकदा आईला आळंदीला न्यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. रोज सकाळी तो गाडी पुसायचा.

वर्षभरातच माझ्या गाडीचा, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप गेला. पुण्यात मिळेना. परदेशी मालावर बंधनं आली होती, दुकानदार नुसते हात हलवायचे. अडत्याला हे कळलं तसा त्याने स्वतः पाना घेतला आणि आपल्या गाडीचा पंप काढून माझ्या हातात ठेवला.

"ह्यो घेऊन जावा. माझं इंजिन आलं की नवा बसवून द्या, म्हंजे झालं."

मी पैसे काढले. ते घेण्याचा प्रश्नच नाही, असं त्याने ऐकवलं. उसनं दिलेल्या वस्तूचं भाडं घेतात का, म्हणाला.

पंपामागून डायनामो गेला. मग रेडिएटर. मग मागचा ॲक्सल, त्यासाठी तर चार हमाल लागले. त्यातला एक मला ऐकू जाईल असं म्हणाला, "जुळी भावंडं हायेत, पर एक खातंय नि एक वाळतंय." सगळे हसले, अडत्याही हसला. प्रत्येक वेळी मी नेलेली वस्तू लिहून ठेवायचो आणि नवी मिळाली की परत देईन म्हणायचो. खोटं बोलत नव्हतो. पुण्यात चौकशी करायचो, मुंबईलाही माणूस पाठवला होता.

एकच वस्तू त्याने दिली नाही. माझा हॉर्न बंद पडला होता आणि मोशीच्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग असायची. त्याच्या गाडीला वडिलांनी मुंबईहून आणलेला दोन सुरांचा हॉर्न होता. तो मागितला तर म्हणाला, "त्येवढा ऱ्हाऊ द्या राव." मी ताणलं नाही. ट्रकवाल्यांच्या दुकानातून रबरी भोंगा आणला आणि तो पों पों वाजवत फिरलो.

खर्चाचा हिशेब मात्र मी दर दिवाळीला करत होतो आणि तो दर वर्षी सहा आण्यांच्या आसपासच यायचा. लोकांच्या विलायती गाड्या एकेका भागापायी महिनोन्महिने उभ्या होत्या आणि माझी पळत होती. याला मी माझी टापटीप समजत होतो. त्या सहा आण्यांत त्याच्या गाडीचा एक पैसाही धरलेला नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मग एका पावसाळ्यानंतर तो एसटीने चिंचवडला माझ्या दारात आला. हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. चहा झाल्यावर म्हणाला, व्यापाऱ्याने शेवटी सांगून टाकलं. ह्या गाडीचं इंजिन तिकडेही आता बनत नाही. उरलेला सांगाडा अडत्याने कालच भंगारवाल्याला दिला होता. फडक्यात हॉर्न होता. मी नको म्हणत असताना त्याने तो माझ्या गाडीला स्वतः बसवला, एकदाही न वाजवता तारा घट्ट केल्या आणि हात पुसत म्हणाला, "समदं एका जागी असू द्या. पर चाकणात वाजवू नका. वेशीपाशी आबा दोनदा वाजवायचे नि आई चहाला आधण ठेवायची. अजून तिचा कान तिकडंच असतोय."

मी पाळलं. पण पुढे एकदा वेशीवरच बैलगाडी आडवी आली आणि हात गेला तो गेलाच, दोनदा. बाजार उरकून त्याच्या घरी गेलो तेव्हा तो ओट्यावर बसला होता. आत त्याच्या आईने चहा गाळला होता आणि कप तीन मांडले होते. आम्ही दोघांनी आपापले घेतले. ती दाराकडे बघत थांबली होती. शेवटी तिसऱ्या कपातला चहा त्याने अर्धा माझ्या बशीत ओतला, अर्धा स्वतःच्या. मी प्यालो. दुसरं काय करणार?

आळंदी काही लांब नव्हती. माझ्या गाडीतून तुम्हा दोघांना नेतो, असं मी त्या दिवशी म्हणालो. अर्धी गाडी तुमचीच आहे, असंही म्हणालो. तो म्हणाला, बघू. म्हातारीला मी आळंदीच्या एसटीत चढतानाच पाहिलं, पुढे केव्हातरी.

गाडी आणखी काही वर्षं चालली. मोशीची नदी ओलांडली की मी खाली उतरायचो, बॉनेट उघडून हॉर्नची तार काढायचो आणि परतताना तिथेच थांबून पुन्हा जोडायचो. चाकणात मी शेवटपर्यंत रबरी भोंगाच वाजवला.