‘आपली माणसं’

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी माहेरीच राहत होते आणि रविवार कारंजाजवळच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. महापालिकेची निवडणूक लागली की आम्हाला जेवायला फुरसत नसे. त्या वर्षी आमच्या वॉर्डातला उमेदवार स्वतःच जाहीरनामा घेऊन आला. मी त्याला ओळखत होते. दोन वर्षांपूर्वी वडील सिव्हिलमध्ये असताना रक्त मिळेना, तेव्हा हाच माणूस चार पोरं घेऊन आला होता आणि सगळ्यांत आधी स्वतः खाटेवर आडवा झाला होता. आई त्याला लेकच म्हणायची.

“ताई, माझं शुद्धलेखन म्हणजे आनंदच. तुम्ही बघितल्याशिवाय छापायचं नाही,” तो म्हणाला. मग आत जाऊन बाइंडिंग करणाऱ्या चाचांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, सगळ्यांना चहा सांगितला.

मी वाचत होते. नळ, गटारी, दिवे. सातवा मुद्दा होता : तीर्थाचे पावित्र्य राखण्यासाठी घाटावरील विक्रीचे ओटे फक्त आपल्या माणसांना.

“आपल्या म्हणजे कोणाच्या?” मी विचारलं.

तो हसला. “ताई, तुम्हाला कळलंय. ते वरून आलंय, तेवढं राहू द्या. मी कुणाच्या पोटावर पाय देईन असं वाटतं का तुम्हाला?”

खरंच, तसं वाटत नव्हतं. पण चाचांची बायको घाटाकडच्या एका ओट्यावर बांगड्या भरायची. माझ्या लग्नातला चुडा तिनेच भरला होता. मी मान खाली घातली. ‘पावित्र्य’मधली वेलांटी दीर्घ पडली होती, ती ऱ्हस्व केली आणि कागद पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी पत्रकांच्या घड्या घालायचं काम चाचांकडेच आलं. मी दोनतीनदा काहीतरी निमित्त काढून आत गेले. शेवटी तेच म्हणाले, “वाचलं मी. सातवं ना? मला मराठी येतं, बेटा.” आणि घडी पक्की बसवायची हाडाची पट्टी कागदावर फिरवत राहिले.

मत मी त्यालाच दिलं. वडील तोपर्यंत बरे होऊन घरात हिंडूफिरू लागले होते. शिक्का मारताना हात अडला, पण मारला. तो निवडून आला.

वर्षभराने ओट्यांचे परवाने नवे करायची वेळ आली. चाचींच्या अर्जात दर खेपेला काहीतरी कमी निघायचं. मी त्यांना घेऊन त्याच्या कार्यालयात गेले. रस्ताभर काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. तो खुर्चीतून उठला, चाचींना बसवलं, पाणी दिलं, आमच्यासमोरच फोन लावला. दहा मिनिटांत दूर सातपूरच्या बाजारात त्यांना जागा मिळाली.

“बघा, झालं की नाही?” तो म्हणाला.

“पण घाटावरची का नाही?”

“ताई, तिथं माझे हात बांधलेत.” हे म्हणताना त्याला खरंच वाईट वाटत होतं. मी थँक यू म्हणाले.

बाहेर आल्यावर चाची म्हणाल्या, “माणूस चांगला आहे.” थोडं चालल्यावर म्हणाल्या, “सातपूरला मला कोण ओळखतं?”

सहा महिने त्यांनी बसने ये-जा केली, मग सोडलं. घाटाचा ओटा एका प्रसादवाल्याला गेला. चाचा छापखान्यात येत राहिले, माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत राहिले, आणि मला तेच सोसवत नसे.

पुढच्या निवडणुकीत तो घरी आला, आईच्या पाया पडला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. मतदानाला मात्र गेले. रांगेत तासभर उभी राहिले, पुढे दोनच बायका उरल्या होत्या, तेव्हा घरी परत आले. आईने बोट बघितलं. शाई नव्हती. तिने चार दिवस माझ्याशी अबोला धरला.