उरलेली अर्धी बाग

करमाडचे ते म्हातारे शेतकरी मला शहागंजच्या बाजारात नेहमी भेटतात. मोसंबीच्या गोणीची सुतळी ते कधी कापत नाहीत. गाठ नखानं सोडवतात आणि सुतळी गुंडाळून खिशात घालतात. बोलताना सुनेची तक्रार ठरलेली. "बागेत ठिबकच्या नळ्या टाकल्या तिनं. मोबाइलवर मोटार चालू करती. घाम गाळल्याबिगर पीक येतं व्हय?" म्हणून अर्धी बाग त्यांनी स्वतःकडं ठेवली होती. तिला ते फावडं घेऊन पाटानं पाणी द्यायचे.

यंदा उन्हाळ्यात त्यांनी आग्रहानं बोलावलं म्हणून गेलो. विहीर तळाला गेली होती. त्यांची झाडं पिवळी पडली होती आणि सुनेची हिरवीगार होती. ते तिच्या एका झाडाखाली उकिडवे बसले आणि नळीतून पडणारा थेंब बराच वेळ तळहातावर झेलत राहिले.

"म्या सुतळी जपली, अन् पाणी उधळलं," ते म्हणाले. मग त्यांनी सुनेला हाक मारली. "पोरी, माझ्या झाडांनाबी नळ्या टाक."

"मग मामा, तुम्ही काय करणार?" तिनं हसत विचारलं.

"झोपणार," ते म्हणाले, आणि खांद्यावरचं उपरणं अंथरून तिथंच सावलीत आडवे झाले.