भरला गाडा

लातूरला जिल्ह्याचा मान मिळाला, कलेक्टर मिळाला, कचेरीला रंग मिळाला. पाणी द्यायचं तेवढं राहून गेलं. त्या दुष्काळात शिवप्पा चारचाकी हातगाड्यावर पिंप बांधून साहेबलोकांच्या घरी पाणी पोचवायचा. भरला गाडा हलवायला छाती लावावी लागे, आणि चालता गाडा थांबवायलाही तेवढाच जीव जाई. दोन्हीत त्याचे गुडघे पार कामातून गेले होते.

आजचं पिंप मात्र त्याच्या स्वतःच्या घरचं होतं. सून शिवकन्या बाळंतीण. तिला नि लेकराला अजून धड अंघोळ मिळाली नव्हती. विहीरवाला दिवसाला एकच पिंप भरू देई, म्हणून शिवप्पाने आज साहेबांना चक्क नाही म्हणून टाकलं होतं.

वाटेत चढाच्या माथ्यावर मठ होता, अलीकडे-पलीकडे उतार. ओट्यावर मठाचे अय्या, म्हणजे स्वामी, बसलेले असत. अय्यांना एका हाताने नमस्कार शिवप्पाच्या सात पिढ्यांत कुणी केला नव्हता. रिकामा गाडा नेताना तो मूठ सोडून हात जोडी. गाडा उताराला वीतभर सरके, पण एका हाताने धरला की मुकाट थांबे.

आज थकल्या डोक्यात भरलं-रिकामं काही उरलंच नाही. "शरणार्थी अय्या," असा लिंगायतांचा नमस्कार म्हणत त्याने दोन्ही हात जोडले.

गाडा तसाच वीतभर सरकला. शिवप्पाने सवयीने एक हात टाकला, तर गाडाच त्याला ओढत निघाला. त्याने दोन्ही हातांनी मूठ आवळली, टाचा रुतवल्या, तरी तो गुडघ्यांवर फरफटत गेला. अखेर गाडा बांधाला धडकून थांबला. पिंप कुठलं थांबतंय. दोरी तोडून ते पुढे जाऊन आडवं झालं.

अय्या धावत आले. "सोडून द्यायचा की रे."

"कसा सोडू अय्या? लेकरू पारोसं हाय घरी."

दोघांनी पिंप उभं केलं तेव्हा तळाला घागरभर पाणी होतं.

घरी बायको गुरम्मा चूल पेटवून बसली होती. शिवप्पा मान खाली घालून पायरीवर टेकला. शिवकन्येने पिंपात पाहिलं, मग त्याच्या गुडघ्यांकडे. लेकरू सासूच्या मांडीवर देऊन तिने तांब्या भरला आणि जखमांवर पाणी ओतायला लागली.

"नको गं. लेकराला राहू दे," शिवप्पाला रडू आवरेना.

"लेकरू उद्या न्हाईल, मामा. पर उद्याचं पिंप कोन आननार हाय?"

शिवप्पाने पाय मागे घेतला नाही.